हवेला वाट

आमच्या गुलमंडीत पाण्याआधी हवा येते.

बाहेरच्या माणसाला यातलं काही कळणार नाही, पण या शहरात वाढलेल्या कुणालाही विचारा. नळाला पाणी यायचा दिवस असतो. वेळ साधारण ठाऊक असते, नक्की नसते. नळ उघडाच ठेवलेला असतो, खाली बादली. आणि मग कधीतरी पहाटे तो नळ बोलायला लागतो. आधी बारीक फुसफुस, मग घशात काहीतरी अडकल्यासारखी खरखर, मग एकदम जोरात सुस्कारा, दोन-चार थेंब, पुन्हा सुस्कारा... आणि मग धार. तो पहिला सुस्कारा ऐकला की घरातलं झोपलेलं माणूससुद्धा उठून बसतं. आईला आता गजराचं घड्याळ नीट ऐकू येत नाही, पण नळाचा सुस्कारा ऐकू येतो. "आलं गं बाई," म्हणते. कुणाला म्हणते कोण जाणे, घरात दुसरी बाई नाही :)

याचं कारण सोपं आहे. पाणी चोवीस तास नसतं. दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत रस्त्याखालचे पाईप रिकामे होतात आणि रिकाम्या पाईपात हवा शिरते. पाणी सोडलं की ते ही हवा पुढे ढकलत येतं. म्हणून आधी हवा, मग पाणी. ज्यांच्याकडे मीटर आहे त्यांना हेही ठाऊक असेल की मीटरचा काटा हवेनेसुद्धा फिरतो. असो, तो विषय काढला तर लेख तिकडेच वाहून जाईल.

रस्त्यावरच्या हवेला निदान आमच्या नळातून बाहेर पडता येतं. घरात शिरून बसलेल्या हवेचं काय करायचं, हा आजचा विषय आहे. आमच्याकडे गेली दोन वर्षं याच विषयावर फोन होत होते, इकडून तिकडे आणि तिकडून इकडे.

जरा घराचा नकाशा सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. नातेवाईक मंडळींनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल, त्यांनी या जिन्यावरून एकदा तरी पाय घसरवून घेतलेला आहे. सुपारी हनुमानाच्या देवळापासून हाकेच्या अंतरावरचं आमचं जुनं घर. खाली कापडाचं दुकान, ते भाड्याने दिलेलं. वर आम्ही. स्वयंपाकघर पुढच्या बाजूला, न्हाणीघर मागच्या बाजूला, मध्ये उघडा चौक आणि न्हाणीघरात उतरायला दोन पायऱ्या. का तर पूर्वी तिकडची जमीन खाली होती, आणि कुणी विचारलं की "पहिल्यापासून असंच आहे" एवढंच उत्तर मिळतं. वर गच्ची. गच्चीवर लोखंडी घोडीवर काळी टाकी आणि तिच्या शेजारी, तीन वर्षांपूर्वी बसवलेला, काचेच्या नळ्यांचा सोलर.

सोलर आईसाठी बसवला. आई ब्याऐंशीची आहे. तिला अंघोळीला कढत पाणी लागतं आणि अंघोळ पहाटेच लागते. आधी ती गॅसवर पातेलं ठेवायची, पाणी बादलीत ओतायची आणि ती बादली चौकातून त्या दोन पायऱ्या उतरून न्हाणीघरात न्यायची. मी नेतो म्हटलं तर मी उठायच्या आत. सोलर बसवला तेव्हा वाटलं, मिटली ही बादली.

मिटली, पण टाकी भरलेली असेपर्यंतच. पाण्याला उशीर झाला, टाकी तळाला गेली, आणि मग पाणी येऊन टाकी पुन्हा काठोकाठ भरली की एक गंमत व्हायची. थंड पाण्याचा नळ ठणठणीत सुरू. गरम पाण्याचा नळ मुका. वर सोलरची टाकी भरलेली, हात लावला तर बाहेरूनही ऊब लागते, पाणी आहे, गरम आहे, नळ उघडा आहे, आणि तरी थेंब नाही. दोन-दोन, तीन-तीन दिवस. मग पुन्हा गॅस, पातेलं आणि बादली.

हे असं का होतं ते समजून घ्यायला मला बराच वेळ लागला, म्हणून तुम्हाला थोडक्यात सांगतो.

गच्चीवरच्या टाकीतलं पाणी खाली येतं ते केवळ उंचीच्या जोरावर. मागे पंप नाही, काही नाही. पाईप सरळ उताराने खाली आला तर प्रश्नच नाही. पण आमचा गरम पाण्याचा पाईप सोलरमधून निघतो, जिन्याच्या खोलीच्या दारावरून कमानीसारखा जातो, खाली उतरतो, पुन्हा कठड्यावर चढतो आणि मग चौकाच्या भिंतीने न्हाणीघरात येतो. म्हणजे वाटेत दोन कुबडं. टाकी रिकामी झाली की या पाईपातलं पाणी नळावाटे निघून जातं आणि तिथे हवा भरते. टाकी भरल्यावर पाणी परत येतं खरं, पण हवा हलकी. ती खाली जाणार नाही, ती वरच जाणार. आणि वर म्हणजे कुठे? कुबडाच्या माथ्यावर. तिथून पुढे जायला तिला वाट नाही. ती तिथे फुगून बसते.

आता कुणी म्हणेल, एवढीशी हवा, पाण्याच्या वजनापुढे ती काय टिकणार? मलाही हेच कोडं होतं. पण हिशोब असा आहे: पाणी उतरताना जी उंची मिळवतं, ती त्याला पुढच्या चढावर खर्चायची असते. उतारात पाणी असेल तर ती कमाई होते. उतारात हवा असेल तर तेवढ्या उंचीची कमाई बुडाली, कारण हवेला वजन जवळजवळ नाहीच. समजा पाण्यापाशी सहा फूट उंचीचा जोर आहे आणि वाटेतल्या उतारांमध्ये मिळून सहा फूट हवा बसली, की जमाखर्च शून्य. पाणी जिथल्या तिथे उभं. नळ कितीही उघडा, काही होत नाही. आणि कुबडं जितकी जास्त, तितकी ही वजाबाकी वाढत जाते.

मग तीन दिवसांनी आपोआप पाणी कसं यायचं? हवा पाण्यात हळूहळू विरघळते, थोडी बुडबुड्याबुडबुड्याने मागे सरकते, कुणीतरी नळ उघडझाक करतं, तोल जरासा बिघडतो आणि वाट मोकळी होते. आपल्याला वाटतं देव पावला.

तर हे सगळं चालू असताना तिकडे लीड्सला ताईच्या घरात थंडी शिरली.

इंग्लंडमधली घरं कशी तापवतात ते ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: घरात एक गॅसचा बॉयलर असतो, तो पाणी तापवतो, एक पंप ते पाणी घरभर फिरवतो, आणि प्रत्येक खोलीत, बहुतेक खिडकीखाली, लोखंडी पत्र्याचा एक चपटा पोकळ तवा असतो. तो रेडिएटर. गरम पाणी त्यातून फिरून परत बॉयलरकडे. तेच पाणी पुन्हापुन्हा फिरतं. ताईच्या एका रेडिएटरचा व्हॉल्व्ह गळत होता, तो बदलायला सगळं पाणी काढलं आणि नवं भरलं. दुसऱ्या दिवशी ताईचा फोन. "अरे, वरच्या मजल्यावरचे दोन रेडिएटर खाली गरम आणि वर गार. हात लावला तर मधोमध रेघ मारल्यासारखं कळतं. बाहेर उणे दोन आहे."

मी इकडे गच्चीवर, गरम पाण्याच्या पाईपावर हात ठेवून उभा होतो. कठड्यापर्यंत कोमट, पुढे गार. मी म्हटलं, "ताई, तुझ्याकडे पण हवाच आहे."

व्हिडिओवर आई ऐकत होती. तिला मोठी गंमत वाटली. "तुमच्याकडे रोज पाणी येतं ना गं? मग हवा कुठून येते?"

प्रश्न बरोबर होता, आणि त्याचं उत्तर मोठं छान आहे. हवा पाण्यातच असते. थंड पाण्यात हवा जास्त विरघळते, पाणी तापलं की ती बाहेर पडते. चहाचं आधण ठेवलंत की उकळी फुटायच्या बरीच आधी पातेल्याच्या बुडाला बारीक बारीक बुडबुडे चिकटलेले दिसतात ना? ती ही हवा. म्हणून नवं पाणी भरल्यावर एकदा हवा काढून भागत नाही. पहिल्यांदा पाणी तापतं तशी पाण्याच्या पोटातली हवा सुटते आणि वरच्या खोल्यांत जाऊन बसते. दोन-चार दिवसांनी पुन्हा काढावी लागते. ताईकडे दाबही आमच्यापेक्षा जास्त. बॉयलरवरच्या तबकडीचा काटा गार असताना एक ते दीड बारच्या मध्ये असावा लागतो. एक बार म्हणजे साधारण दहा मीटर पाण्याच्या उंचीचा दाब. आमच्या घोडीवरच्या टाकीला हा दिमाख कुठला! पण त्या दाबाचा हवेवर काही उपयोग नाही, कारण तिकडे सगळं बंद वर्तुळ आहे. बाहेर पडायला तोंडच नाही, तर ढकलून जाणार कुठे?

म्हणून रेडिएटर करणाऱ्यांनी प्रत्येकाच्या वरच्या कोपऱ्यात एक छोटा स्क्रू ठेवलेला असतो. त्याची पितळी किल्ली मिळते, आपल्या जुन्या लंबकाच्या घड्याळाला चावी द्यायची असायची ना, तशीच दिसते. रीत अशी: आधी बॉयलर बंद करायचा आणि पाणी निवू द्यायचं. पंप चालू असला तर तो हवा पुन्हा फिरवत बसतो, आणि गरम पाणी हातावर उडतं ते वेगळंच. खालच्या मजल्यापासून सुरुवात करायची, वर शेवट. स्क्रूखाली जुना टॉवेल धरायचा, किल्ली अर्धा फेरा फिरवायची. फुस्स होतं. फुस्स होऊ द्यायचं. ते थांबून पाण्याचे थेंब आले की लगेच बंद. सगळे झाल्यावर तबकडी बघायची, दाब उतरला असेल तर पाणी भरून पुन्हा एक-दीडवर आणायचा. आणि एक खूण: वर गार आणि खाली गरम असेल तर हवा, खाली गार आणि वर गरम असेल तर तळाशी गाळ साचलाय, तिथे या किल्लीचं काम नाही.

ताईने किल्ली लावली. फोनमधून तो आवाज आला. फुस्स... आई एकदम म्हणाली, "आलं गं बाई!"

आम्ही तिघंही हसलो. आमच्या नळाचाच आवाज होता तो, साडेसात हजार किलोमीटरवरून.

आमच्याकडे मात्र किल्ली नव्हती आणि स्क्रूही नव्हता. आमच्याकडे चाचा आले. बेगमपुऱ्यात थत्ते हौदाच्या बाजूला राहतात, सत्तरी गाठलेली, आयुष्य नळजोडणीत गेलं. त्यांनी गच्चीवर येऊन पाईप कुठून कुठे गेलाय ते नुसतं बघितलं, कुठेही पाना लावला नाही. मी विचारलं, छोटा पंप बसवून द्यायचा का? जोराने ढकललं की निघेल हवा. चाचा म्हणाले, "साब, पानी कू धक्का नक्को देव. हवा कू रस्ता देव. पानी अपने आप आता."

आणि मग मला म्हणाले, बंबे पाहिलेत का नहरीचे?

पाहिले होते की. या शहरात कोण पाहत नाही? पण खरं सांगायचं तर आपण पाहतो म्हणजे रिक्षातून जाताना एक जुना दगडी मनोरा दिसतो आणि मागे पडतो. तो तिथे का उभा आहे हे कुणी विचारत नाही.

मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली, तीच पुढे औरंगाबाद झाली आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. गाव वसवलं, पण खाम नदी काही बारमाही दुथडी वाहणारी नाही. मग १६१७ च्या सुमारास त्याने उत्तरेकडून, हर्सूलच्या बाजूने, जमिनीखालून पाणी आणलं. नहर-ए-अंबरी. डोंगरपायथ्याचं जमिनीत मुरलेलं पाणी गोळा करून भुयारी वाटेने आणि पुढे खापरी नळांनी गावात. पुढच्या काळात आणखी नहरी झाल्या. पाणचक्कीला पाणी पुरवणारी नहर त्यातलीच एक, आणि तिथे डोंगरातून आलेलं पाणी उंच भिंतीवर चढून हौदात कोसळतं. ते बघायला आपण पाहुण्यांना घेऊन जातो. पाणी वर चढलं कसं, असं पाहुणे विचारतात, आणि आपण "सायफन" असं सांगून मोकळे होतो.

गंमत त्या बंब्यांमध्ये आहे. पाणी उंचावरून निघतं, वाटेतल्या सखल भागात नळातून खाली जातं आणि आपल्या मूळ पातळीच्या जवळपास पुन्हा वर चढू शकतं. पण मातीचे नळ. पाण्याचा दाब वाढला तर फुटणार. हवा कोंडली तर पाणी अडणार, आणि कोंडलेली हवा एकदम सुटली तर तिचा दणका बसणार. म्हणून वाटेत ठिकठिकाणी हे मनोरे उभे केले. पाणी मनोऱ्यात वर चढतं, माथ्याशी उघडं पडतं, हवा निघून जाते, दाब मोडतो आणि पाणी दुसऱ्या बाजूने शांतपणे पुढच्या नळात उतरतं. पंप नाही, वीज नाही, तबकडी नाही. हवेला श्वास घ्यायला जागा ठेवली, एवढंच.

पुण्याच्या मंडळींना हे ओळखीचं वाटेल. नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या सुमारास कात्रजहून शनिवारवाड्याकडे जे पाणी आणलं, त्या दगडी नळावरही वाटेत असेच बांधीव धुराड्यासारखे झरोके आहेत. त्यांना नाव काय दिलंय माहीत आहे? उच्छ्वास. किती नेमका शब्द! बऱ्हाणपूरला १६१५ च्या सुमाराची जमिनीखालची कुंड्यांची ओळ आहे, तिथेही वरून विहिरीसारखी तोंडं उघडी, हवा आणि उजेड आत जायला. आणि आत्ताच्या काळातलं बघायचं तर पैठण रस्त्याने जा. जायकवाडीचं धरण १९७६ मध्ये झालं. त्याच्या पाण्यापेक्षा आपलं शहर शंभरेक मीटर उंचावर, म्हणून पाणी उपसून वर आणावं लागतं. त्या मोठाल्या जलवाहिन्यांवरही चढाच्या माथ्यावर एअर व्हॉल्व्ह असतात. मराठवाड्यात उन्हाळ्यात अशा व्हॉल्व्हच्या गळतीखाली घागरी लावून बसलेल्या बायका आपण पाहिल्या आहेत. आपल्याला तिथे गळती दिसते. पण मुळात ती जागा पाण्यासाठी नाही, हवेसाठी आहे.

चारशे वर्षांचा फरक, माती, दगड, बीड, प्लास्टिक, सगळं बदललं. नियम तोच. जिथे माथा, तिथे तोंड.

चाचांनी केलं ते एवढंच. दोन्ही कुबडांच्या माथ्यावर पाईप कापून टी बसवली आणि तिथून अर्ध्या इंची पाईप सरळ आभाळाकडे उभा केला. टाकीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा हातभर उंच. का तर हा पाईप बुटका राहिला तर टाकी भरली की तिथूनच कारंजं उडेल, पाणचक्कीसारखं. वरच्या तोंडाला वाकडा एल्बो, पाऊस-कचरा पडू नये म्हणून, आणि त्याला डासांची जाळी. झाकण नाही. चाचांनी हे तीनदा सांगितलं. झाकण नक्को.

काम चालू होतं तेव्हा ताई फोनवरच होती. तिचे रेडिएटर झाले होते, चहाचा कप घेऊन ती आमची गच्ची बघत बसली होती. आणि मग असं झालं की ती बोलायला लागली.

दोन वर्षं ती एकच म्हणत होती, आईला उल्कानगरीकडे फ्लॅट बघ, लिफ्टवाला. आणि मी एकच म्हणत होतो, आई गुलमंडी सोडणार नाही. यापलीकडे संवाद नाही. "पाणी आलं का?" "आलं." "फ्लॅट बघितलास का?" "बघू." मला वाटायचं हिला तिकडे बसून सगळं सोपं वाटतं. तिला वाटत असणार याला घर सोडवत नाही आणि हा आईचं नाव पुढे करतोय. त्या दिवशी ती म्हणाली, "मला फ्लॅटचं काही नाही रे. मला ती बादली दिसते. रात्री दोन वाजता जाग येते, तेव्हा तुमच्याकडे साडेसात वाजलेले असतात. मी झोपेत हिशोब करते की आता आई बादली घेऊन त्या पायऱ्या उतरून झाली असेल. आणि तुझा फोन आलेला नसेल तर मग मी पुन्हा झोपते."

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं नव्हतंच. साडेसातला फोन आला नाही की झोपायचं, अशी माझी बहीण दोन वर्षं झोपत होती आणि आमच्यात फक्त फ्लॅटच्या गोष्टी चालू होत्या.

आई मागे उभी होती. हे तिला ऐकू गेलं. नळाचं ऐकू येतं तिला आणि हेही. ती फोनजवळ येऊन म्हणाली, "हे बघ, जिना चढता येतोय तोवर मी इथे. ज्या दिवशी चढता येणार नाही त्या दिवशी तुम्ही न्याल तिथे येईन, वाद घालणार नाही. पण बादली उचलणार नाही आजपासून. गरम पाणी नाही आलं तर अंघोळ नाही. चालेल?"

ताई म्हणाली, "आई, तू एक दिवस तरी अंघोळीशिवाय राहशील का?"

"शपथ घालू नकोस," आई म्हणाली.

एवढ्यात खाली न्हाणीघरात गरम पाण्याचा नळ, जो सकाळपासून उघडाच होता, तो न फुसफुसता, न खरखरता सुरू झाला. चाचांनी नुसती मान हलवली आणि हत्यारं पिशवीत भरली. ताईने फोनमधून विचारलं, "कसला आवाज?" मी म्हटलं, पाण्याचा.

आता काही कामाच्या गोष्टी, कारण दर वेळी कुणीतरी विचारतंच. ज्यांच्याकडे गच्चीवर सोलर आहे आणि टाकी रिकामी होऊन भरल्यावर गरम पाणी येत नाही, त्यांनी आधी हा घरगुती उपाय करून बघावा. न्हाणीघरात गरम-थंडचा एकत्र मिक्सर असेल तर त्याचं तोंड तळहाताने घट्ट दाबायचं आणि दोन्ही नळ पूर्ण उघडायचे. थंड पाणी गरम पाण्याच्या पाईपात उलटं वर चढतं आणि हवेला मागे ढकलतं. ती सोलरच्या हवापाईपातून निघून जाते. एखाद मिनिट धरायचं, सोडायचं, पुन्हा धरायचं. हे सकाळी लवकर करा. दुपारी सोलरचं पाणी चटका देण्याइतकं तापलेलं असतं. मिक्सर नसेल तर दोन नळ नळीने जोडून हेच करता येतं. हा उपाय त्या दिवसापुरता. कायमचा हवा असेल तर पाईपातली कुबडं काढा, आणि काढता येत नसतील तर माथ्यावर उघडा पाईप उभा करा. नवीन काम करत असाल तर पाईप टाकतानाच सांगा की सोलरपासून नळापर्यंत एकसारखा उतार पाहिजे, दारावरून कमान नको. पाईप चार फूट जास्त लागला तरी चालेल.

चाचांचे ते दोन पाईप दिसायला मात्र विचित्र आहेत. कशालाही न जोडलेले, अर्धवट सोडल्यासारखे आभाळाकडे तोंड करून उभे. आल्यागेल्याला वाटतं काम राहून गेलंय. गेल्या महिन्यात रंगकाम करणारा मुलगा चांगल्या मनाने टोपी लावायला निघाला होता, "काका, हे उघडंच राहिलंय." आमच्या नहरींचंही बहुतेक असंच झालं असावं. कुणी मुद्दाम शत्रुत्वाने बुजवल्या नसतील. कुणाला ते मनोरे आणि ती जमिनीतली तोंडं बिनकामाची वाटली, कुणी त्यावर फरशी घातली, कुणी भिंत बांधली. काही मनोरे अजून उभे आहेत, पण त्यांच्यातून पाणी चढत नाही. ज्या जागेतून काहीच येताना दिसत नाही, ती जागा कामाची आहे हे पुढच्या माणसाला कळायचं कसं?

म्हणून मी ब्रश आणला आणि कठड्यावर, त्या पाईपाच्या खाली, लाल ऑईलपेंटने ठळक अक्षरात लिहून ठेवलं: "हा पाईप उघडाच राहू द्यावा." आईने चष्मा लावून वाचलं आणि म्हणाली, तारीख पण टाक.